खाडीच्या चिखलाला सरसकट दोष नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवार पुरवणीत समुद्राखालच्या तेलावर पानभर लेख आला. तो मी दोनदा वाचला आणि कात्रण काढून ठेवलं. मराठीत या विषयावर इतकं सविस्तर क्वचितच छापून येतं, त्याबद्दल आधी आभार. पण त्यातली एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. वाळू स्वच्छ असेल तर तेलसाठा चांगला आणि तिच्यात खाडीचा चिखल मिसळला की साठा बिघडला, असा लेखाचा एकूण सूर होता. त्याच पानावर खालच्या चौकटीत चिपळूणच्या वाशिष्ठी नदीतून उपसलेल्या गाळाचे ढीग होते आणि त्या गाळाला टाकाऊ म्हटलं होतं. हे दोन्ही एकाच पानावर वाचल्यावर मला गप्प बसवेना.

मी १९८७ ते २०१८ अशी ३१ वर्षं बडोद्याला, तेल शोधणाऱ्यांच्या एका प्रयोगशाळेत साहाय्यक होते. विहीर खणताना खालून खडकाचा जो गोल दांडा कापून वर आणतात, त्याला आम्ही कोअर म्हणतो. त्या कोअरमधली माती वेगळी काढायची आणि ती कोणत्या जातीची आहे हे एक्स-रे यंत्रावर बघायचं, हे माझं काम. जन्म मात्र दाभोळच्या खाडीकाठचा. आई ओहोटीला मुळे, म्हणजे शिंपल्या, काढायला जायची, मी पाटी धरून मागे असायची. ती चालताना पायानेच सांगायची की इथे रेव आहे, इथे लोणी आहे, इथे पाय घालू नकोस, गुडघ्यापर्यंत जाशील. नोकरी लागल्यावर पहिल्यांदा कोअर हातात घेतला तेव्हा तो आईच्या पायाखालच्या जमिनीचाच तुकडा वाटला. फरक एवढाच, की तो कोट्यवधी वर्षं दाबला गेला होता.

आधी एक शब्द दुरुस्त करते. लेखात रिझर्व्हॉयरला तेलाचा जलाशय म्हटलंय आणि चित्रातही जमिनीखाली काळं तळं दाखवलंय. तसं तळं कुठेही नसतं. पुळणीत हाताने खड्डा केला की बाजूंनी पाणी झिरपून भरतं, ते पाणी वाळूच्या कणाकणांच्या फटींत असतं. तेलही तसंच खडकाच्या फटींत असतं. फटी किती आहेत, म्हणजे जागा किती, ती पोरॉसिटी. त्या फटी एकमेकींना किती मोकळ्या जोडलेल्या आहेत, म्हणजे वाट किती, ती पर्मिएबिलिटी. जागा भरपूर आणि वाट बंद, असं अनेकदा होतं. तेव्हा तेल असूनही वर येत नाही. आणि लेखात उदाहरणादाखल दिलेल्या मुंबई हायचा मुख्य साठा वाळूत नाहीच, तो चुनखडीत आहे. १९७४ साली तिथे तेल लागलं ते त्या चुनखडीत. तिचे नियम निराळे आहेत. मी लिहिते आहे ते वाळूच्या खडकाबद्दल, त्यातही नदीच्या मुखाशी भरती-ओहोटीत साठलेल्या वाळूबद्दल. गुजरातेत खंबातजवळ लुणेजला १९५८ साली आणि अंकलेश्वरला १९६० साली तेल लागलं. त्या खंबात खोऱ्यातल्या वाळूच्या खडकांवर आमच्या प्रयोगशाळेची निम्मी टेबलं भरलेली असायची.

आता चिखलाकडे येते. चिखल हा एक पदार्थ नाही. घरातली उदाहरणं घेतली तर मुलतानी माती वेगळी, चिनी माती वेगळी. मुलतानी माती आणि देशावरची उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन यांचा जीव ज्या खनिजात आहे ते स्मेक्टाइट. चिनी मातीतलं केओलिनाइट. तिसरं इलाइट, अभ्रकाच्या घराण्यातलं. चौथं क्लोराइट, हिरवट, लोहाचं आणि मॅग्नेशियमचं. डोळ्यांनी बघाल तर चारही चिखलच. ओळखायचे कसे, यात माझी ३१ वर्षं गेली, म्हणून थोडं सांगते.

खडक खलबत्त्यात हलक्या हाताने फोडायचा. दळायचा नाही. दळला तर वाळूचाही भुगा मातीत येतो. तेल आणि मीठ धुऊन काढायचं. मीठ राहिलं तर माती पाण्यात तरंगतच नाही, तिचे पुंजके होऊन तळाला बसतात. मीठ गेलं की ती दुधासारखी पसरते. मग लिटरभराच्या काचेच्या उंच नळीत ढवळून ठेवायची आणि सुमारे आठ तास हात लावायचा नाही. तेवढ्या वेळात जाड कण खाली जातात आणि वरच्या दहा सेंटिमीटर पाण्यात दोन मायक्रॉनपेक्षा बारीक तेवढेच उरतात. एका मिलिमीटरचे पाचशे भाग केले तर त्यातला एक म्हणजे दोन मायक्रॉन. ते पाणी पिपेटने अलगद उचलून काचपट्टीवर सोडायचं आणि सुकू द्यायचं. मातीचे कण चपटे असतात, सुकताना पत्त्यांसारखे एकावर एक आडवे पडतात. एक्स-रे त्या पत्त्यांमधलं अंतर मोजतो.

स्मेक्टाइटचं शिखर आलेखावर सहा अंशांच्या कोनाच्या आसपास दिसतं. तीच पट्टी रात्रभर ग्लायकोल नावाच्या द्रवाच्या वाफेत ठेवली की सकाळी ते शिखर पाच अंशांकडे सरकलेलं असतं, कारण ग्लायकोल पत्त्यांच्या मध्ये शिरून त्यांना फुगवतं. इलाइट जागचं हलत नाही. क्लोराइट आणि केओलिनाइट यांची शिखरं एकमेकांवर बसतात, त्यांना सोडवायला पट्टी साडेपाचशे अंश सेल्सिअसवर तासभर भाजायची. केओलिनाइट मोडतं, त्याचं शिखर नाहीसं होतं. क्लोराइट तग धरून राहतं. शेकडो पट्ट्या अशा भाजल्या. भट्टीतून काढलेल्या पट्टीवर क्लोराइटचं शिखर उभं दिसलं की मला दर वेळी बरं वाटायचं. त्याचं कारण पुढे सांगते.

चिखलाने साठा बिघडतो हे लेखातलं म्हणणं खोटं नाही. ते मी स्वतःच्या हाताने अनुभवलं आहे. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी कोअरमधून काढलेल्या दीड इंची गोल तुकड्यातून खारं पाणी दाबाने सोडून पर्मिएबिलिटी मोजत होते. खाऱ्या पाण्याची बाटली संपली. शेजारी तशीच दुसरी बाटली होती, तिच्यावरची चिठ्ठी न वाचता मी ती जोडली. ते ऊर्ध्वपातित पाणी होतं. पंधरा-वीस मिनिटांत दाबाचा काटा चढू लागला. पलीकडच्या नळीतून ठिबकणारं पाणी विरळ होत होत थांबलं. मला वाटलं यंत्र अडकलं. आमच्या वरिष्ठांना आम्ही सगळे काका म्हणायचो. ते आले, बाटलीकडे बघितलं आणि एवढंच म्हणाले, "अगं, ती माती मिठात जन्मली. गोडं पाणी दिलंस तर फुगणारच." त्या तुकड्यात स्मेक्टाइट होतं. खाऱ्या पाण्यात ते आवळून बसलेलं असतं, गोडं पाणी मिळालं की पापुद्र्यांत पाणी घेऊन फुगतं आणि वाटा बुजवतं. मग परत खारं पाणी सोडून पाहिलं, पण वाट पहिल्यासारखी उघडली नाही. तो कोअर एका विहिरीतून एकदाच वर आला होता, दुसरा मिळणार नव्हता. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. विहिरीत गोडं पाणी सोडण्याआधी त्यात पोटॅशियम क्लोराइड का मिसळतात, हे त्यानंतर मला कोणी शिकवावं लागलं नाही.

इलाइटचा त्रास वेगळ्या तऱ्हेचा. खोल गेलेल्या वाळूत ते केसांसारखं वाढतं. फटीत केसांचं जाळं व्हावं तसं. जागा फारशी जात नाही, वाट मात्र जाते. एकदा एका कामात घाई होती. तुकडे रीतीप्रमाणे हळू न सुकवता थेट ओव्हनमध्ये घातले गेले. सुकताना ते केस भिंतींना चिकटून बसले, वाटा मोकळ्या दिसल्या आणि पर्मिएबिलिटी खरीपेक्षा कितीतरी पट जास्त आली. तो आकडा पुढे गेला, त्यावर विहिरीचा हिशेब मांडला गेला आणि विहिरीने तेवढं दिलं नाही. कोणाचं नाव घेत नाही. चूक टेबलावर झाली होती आणि त्या टेबलाशी मीही उभी होते.

केओलिनाइटचे सुटे पत्ते प्रवाह जोरात आला की वाहत जाऊन अरुंद फटींच्या तोंडाशी अडकतात. क्लोराइटचाही एक धोका आहे. त्याच्यात लोह असतं, त्यामुळे विहीर मोकळी करायला आम्ल घातलं आणि लोह धरून ठेवणारं औषध त्यात मिसळलं नाही, तर लोहाचा चिकट साका होऊन विहीर आणखी तुंबते. हे सगळं खरं आहे. आणि तरीही मी म्हणते, चिखलाला सरसकट दोष देऊ नका.

खडकाचा पातळ काप काढतात तेव्हा आधी त्यात निळ्या रंगाचं एपॉक्सी, म्हणजे घट्ट होणारी राळ, दाबाने भरतात. मग घासत घासत तो काप तीन शतांश मिलिमीटरइतका पातळ करतात, इतका की त्यातून प्रकाश जातो. सूक्ष्मदर्शकाखाली वाळूचे कण पांढरे दिसतात आणि जिथे जिथे फट आहे तिथे निळं दिसतं. खोलवरच्या स्वच्छ वाळूचा काप मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा निळं शोधावं लागलं. कण एकमेकांत असे घट्ट बसले होते की लादीवरची नक्षी वाटावी. काकांनी दुसरा काप लावला. परदेशातून अभ्यासासाठी आलेला होता, त्याहूनही खोलातला. आणि त्यात निळंच निळं! कण सुटे सुटे, मधून निळ्या गल्ल्या. काका म्हणाले, "कणांच्या कडा बघ." भिंगाची ताकद वाढवली तेव्हा दिसलं, प्रत्येक कणाभोवती हिरवी बारीक कड होती, डोळ्यांत काजळ घालावं तशी. ते क्लोराइट होतं.

ताज्या पुळणीत शंभरातला चाळीसच्या आसपास भाग मोकळाच असतो. वाळू पुरली गेली की वरच्या भाराने कण जवळ येतात आणि थोडी जागा जाते. पण खरी जागा जाते ती पुढे. तापमान ८०-१०० अंशांच्या घरात गेलं की वाळूतलंच सिलिका पाण्यात विरघळून पुन्हा कणांवर क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, होऊन बसू लागतं, कण वाढतात आणि फटी भरतात. या नव्या क्वार्ट्झला बसायला जुन्या क्वार्ट्झचा उघडा पृष्ठभाग लागतो. तेलकट भिंतीवर गिलावा धरत नाही, तसं कणावर क्लोराइटचा पापुद्रा असला तर नवं क्वार्ट्झ धरत नाही. पापुद्रा जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा. पण तो सलग हवा. कुठे टवका उडालेला असला तर तेवढ्याच जागेतून क्वार्ट्झचा दात फटीत घुसतो. त्या कापात असा एक दात काकांनी मला दाखवला होता, हिरव्या कडेला एकच भोक आणि त्यातून बाहेर आलेला लखलखीत सुळका. अमेरिकेत लुइझियानाच्या टस्कलूसा नावाच्या वाळूच्या थरात सहा किलोमीटरहून खोलही २० टक्क्यांहून जास्त पोरॉसिटी सापडली आहे, ती या पापुद्र्यामुळेच. तो नसता तर त्या खोलीवर वाळूचा दगडी पाटा झाला असता.

म्हणजे किती चिखल, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणता चिखल आणि तो कुठे बसलाय, हे विचारायला हवं. फटीत बसला तर वाट अडवतो. कणाला पातळ लपेटून बसला तर जागा राखतो. आणि लपेटणं जाड झालं तर त्याच्या बारीक छिद्रांत पाणी अडकून राहतं, विद्युत मोजणीत तो थर पाण्याने भरलेला वाटतो आणि तेल असलेला थर सोडून दिला जातो. असंही घडतं.

मग हा पापुद्रा येतो कुठून? क्लोराइट खोलवर उष्णतेत तयार होतं हे खरं, पण त्याचं अस्तर आधीच कणावर बसलेलं असावं लागतं. आणि ते बसतं नदीच्या मुखाशी, खाडीत, म्हणजे अगदी पहिल्या दिवसांत. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावर कंब्रियात रेव्हनग्लास नावाची लहानशी खाडी आहे. इर्ट, माइट आणि एस्क अशा तीन नद्या तिथे एकत्र येतात. भरती-ओहोटीचा फरक सात मीटरहून अधिक, त्यामुळे ओहोटीला जवळजवळ सगळी खाडी उघडी पडते. लिव्हरपूल विद्यापीठाच्या मंडळींनी ती खाडी पावलापावलाने तपासली. कुठे किती माती, कोणती माती, किती कणांवर पापुद्रा, याचे नकाशे काढले. खाडीच्या तोंडाशी लाटांनी धुतलेल्या वाळूवर पापुद्रा कमी. अगदी आत चिखलाच्या मैदानात कण लपेटलेले, पण चिखलच इतका की फटी भरून गेलेल्या. जमेची जागा या दोहोंच्या मधली, जिथे वाळू आणि चिखल रोज भरतीला भेटतात. मागच्या डोंगरांत जुना ज्वालामुखी खडक आहे आणि त्यातलं क्लोराइट नद्या खाली आणतात, म्हणून त्या खाडीत क्लोराइट आहे.

त्यांच्या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट वेगळीच आहे. माती कणाला चिकटवतं कोण? पूर्वी वाळूतल्या किड्यांकडे बोट दाखवलं जायचं, की ते वाळू गिळतात आणि बाहेर टाकतात तेव्हा मातीचा लेप बसतो. रेव्हनग्लासच्या अभ्यासात मुख्य काम डायटमचं असल्याचं दिसलं. डायटम म्हणजे डोळ्यांना न दिसणारं एकपेशीय शेवाळ. ओहोटीला ते वर उजेडात सरकतं, सरकताना चिकट स्राव सोडतं आणि त्या स्रावात मातीचे कण अडकून वाळूवर लेप बसतो. हे वाचलं तेव्हा मी निवृत्त होऊन गावी आले होते आणि वाचता वाचता उठून बसले. आमच्या खाडीत दुपारची ओहोटी असली आणि ऊन असलं की चिखलावर पिवळसर तपकिरी साय येते. आई म्हणायची, चिखलाला साय धरली, आता पाय घसरेल. पाय घसरायचाच. ती साय डायटमची.

त्यानंतर सहा वर्षं मी उधाणाच्या ओहोटीला जमेल तेव्हा खाडीत जाते. प्लंबरकडचा दीड इंची पीव्हीसी पाइप हातभर कापून घेते, जिथे रेव संपून लोणी सुरू होतं तिथे रुजवते, वरून पाणी भरून टोपण लावते आणि सावकाश उपसते. टोपणामुळे आतला गाळ सुटत नाही. खालचं तोंड प्लास्टिकने बांधायचं, पाइपवर वरच्या टोकाला 'वर' असं लिहायचं, तारीख, ओहोटीची वेळ आणि मोबाइलवर दिसणारे अक्षांश-रेखांश. पाइप उन्हात ठेवायचा नाही. खालचा हिरवट करडा थर हवा लागली की तासाभरात तपकिरी होतो, त्यातलं लोह गंजतं. मधल्या पट्ट्यातली वाळू चिमूटभर घेऊन काचेच्या वाटीतल्या खाडीच्याच पाण्यात आधी नुसती ढवळते. पाणी जवळजवळ नितळ राहतं. मग तीच वाळू दोन बोटांत चोळते. पाणी लगेच गढूळ होतं. तो सुटलेला पापुद्रा. पुळणीवरच्या वाळूने असं होत नाही. यंत्र माझ्याकडे नाही, पण ३१ वर्षांनंतर बोटांना एवढं कळतं.

आमच्या खाडीतून उद्या तेल निघेल असं मी मुळीच म्हणत नाही. कोकणच्या वाळूत क्वार्ट्झ थोडं, शिंपल्यांचा चुरा आणि काळ्या कातळाचे कण फार. इथे पाइपभर गाळात जे आहे त्याचा खडक व्हायला मानवाच्या हिशेबाबाहेरचा काळ लागेल. पण कोकणच्या खाड्यांत एक गोष्ट आहे जी रेव्हनग्लासमध्ये नाही. आमच्या नद्या बेसाल्टवरून, म्हणजे काळ्या कातळावरून येतात. सह्याद्रीचा कातळ कुजून स्मेक्टाइट होतं, सड्यावरच्या जांभ्यातून केओलिनाइट येतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्र विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम किनाऱ्याच्या समुद्रतळाची माती तपासली तेव्हा चित्र स्पष्ट दिसलं. कच्छपर्यंत सिंधू नदीने आणलेलं इलाइट आणि क्लोराइट, सौराष्ट्रापासून गोव्यापर्यंत दख्खनच्या कातळाचं स्मेक्टाइट, गोव्याच्या दक्षिणेला केओलिनाइट वाढत जातं. नर्मदा आणि तापी याच कातळावरून आजही वाहतात. तापीच्या मुखासमोर ताप्ती-दमण भागात ओलिगोसीन नावाच्या, कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या काळातल्या, भरती-ओहोटीत साठलेल्या वाळूत वायू सापडला आहे. त्या वाळूच्या वेळी खाडीत काय चाललं असेल, लोहाने भरलेलं स्मेक्टाइट कणांवर कसं बसत असेल आणि खोल गेल्यावर त्याचं क्लोराइट होण्याआधी ते किती वाटा बुजवत असेल, हे समजून घ्यायला कंब्रियापेक्षा वाशिष्ठी, सावित्री, कुंडलिका या खाड्या जवळच्या आहेत. कातळ तोच.

त्यातही बारकावे आहेत. खाडीत आत, जिथे पालापाचोळा कुजून चिखल काळा पडतो आणि सडक्या अंड्यांचा वास येतो, तिथे नदीने आणलेलं लोह गंधकाशी बांधलं जाऊन पायराइट बनतं. मग हिरव्या मातीसाठी लोह उरत नाही. तिवरांच्या मुळाशी एक गोष्ट, दहा पावलांवर रेवेत दुसरी. माझ्या पाइपांत हा फरक डोळ्यांना दिसतो.

तेलाचे दिवस सरत आले, आता हे कशाला, असं काही वाचक म्हणतील. हवेतला कार्बन डायऑक्साइड जमिनीत पुरायचा तर तोही वाळूच्या फटींतच पुरावा लागतो. नॉर्वेने समुद्राखाली स्लाइपनर इथे १९९६ पासून तेच केलं आहे. त्यालाही जागा लागते आणि वाट लागते, आणि त्या दोन्हींचा निकाल खाडीतल्या चिखलाने लावलेला असतो.

आता गाळाच्या ढिगांबद्दल. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी शिरलं, तेव्हा माझ्या नणंदेच्या घरात पंख्यापर्यंत पाणी होतं. पुरानंतर तिच्या स्वयंपाकघरातला चिखल आम्ही घमेल्यांनी काढला. नदीतला गाळ उपसायला माझा विरोध नाही, कोणाचाही नसेल. म्हणणं एवढंच आहे की उपसलेला गाळ म्हणजे पानं फाडून पोत्यात भरलेली वही. शब्द सगळे असतात, पण क्रम गेलेला असतो. कोणत्या थरावर कोणता थर होता, रेव कुठे संपली, साय कुठल्या पुरानंतर बसली, हे यंत्राच्या एका फावड्यात कायमचं जातं. तेच भराव टाकताना, जेट्टी बांधताना, खाजणात रस्ता नेताना होतं.

म्हणून आपल्या दैनिकामार्फत एक विनंती करते. खाडीत कुठेही खणण्याआधी किंवा भराव टाकण्याआधी, त्या जागेचे चार-पाच हातभर पाइप काढून ठेवावेत. खर्च पीव्हीसी पाइपचा आणि एका ओहोटीचा. ज्या महाविद्यालयांत भूशास्त्र शिकवतात तिथे थंड, अंधाऱ्या खोलीतलं एखादं कपाट यासाठी द्यावं. पाइप ओले ठेवावेत, सुकवू नयेत, आणि ओव्हनमध्ये तर अजिबात घालू नयेत. विद्यार्थ्यांना शिकायला याहून चांगली गोष्ट नाही. काचेची नळी, काचपट्टी आणि आठ तास वाट बघायची तयारी एवढ्यावर अर्धं काम होतं. एक्स-रे यंत्र विद्यापीठांत आहे, पट्ट्या तिथे पाठवता येतात.

माझ्या पडवीत आज ४३ पाइप उभे आहेत, भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळून. सगळ्यांवर 'वर' लिहिलंय, तारखा आहेत, वहीत जागा टिपलेल्या आहेत. त्यांतले नऊ अशा जागांचे आहेत जिथे आता भराव पडला आहे आणि पुन्हा पाइप घालता येणार नाही. गुडघे दुखतात, यापुढे किती वेळा चिखलात उतरता येईल सांगता येत नाही. ज्या महाविद्यालयाची तयारी असेल त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावं. वही आणि पाइप दोन्ही मी स्वतः आणून देईन. पाइप कसा रुजवायचा हे दाखवायला मुलांना एकदा माझ्याबरोबर खाडीत आणलं तर फार बरं होईल. अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा दिवस धरावा, ओहोटी मोठी असते. चपला काठावर ठेवाव्या लागतील.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक निवृत्त प्रयोगशाळा साहाय्यक
ता. गुहागर, जि. रत्नागिरी